मेंढरांची लस

बाथरूमच्या दाराशी ठेवलेला वजनकाटा ‘टुईं’ करून वाजला आणि पहाटेपासून घरात साचून राहिलेली शांतता मोडली. प्रियंकानं कणीक मळता मळता हात थांबवला. आता आकडा ऐकू येईल म्हणून कान दिला. आकडा आला नाही. कुमार काट्यावरून उतरला, टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत गेला आणि खालच्या रस्त्यानं जाणारी दूधवाल्याची मोटारसायकल बघत उभा राहिला.

पूर्वी तो आकडा मोठ्यानं सांगायचा, बाजारात ज्वारी तोलणारा हमाल ओरडतो तसा. मग उत्कर्षा, त्यांची पहिलीतली लेक, अंथरुणातून धावत यायची आणि काट्यावर चढायची. तिचंही वजन जाहीर व्हायचं. प्रियंका आतून म्हणायची, माझ्या वाटेला जाऊ नका, काटा मोडला तर नवा कोण आणणार. या गमतीत सकाळ कधी निघून जायची कळायचं नाही. आता काटा तेवढा वाजतो. समोर शर्यत नाही, सराव कशासाठी ते ठाऊक नाही, तरी कुमार रोज न चुकता त्यावर उभा राहतो आणि जे दिसतं ते मनात ठेवतो.

कुमारचं पोट सायकलवर होतं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीला हे पटायला बराच काळ लागला. सायकल चालवायचा पगार देतं तरी कोण, असं खालच्या मजल्यावरच्या सोनाबाईंनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, आणि प्रियंकानं समजावून सांगितल्यावर, “म्हंजी क्रिकेटवानीच की,” म्हणून विषय मिटवला होता. तसं बघितलं तर ते क्रिकेटवानी नव्हतं. कुमार आधी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता. रात्रपाळी सुटली की घरी न येता थेट तुळजापूरच्या घाटाला सायकल घालायचा, घाट चढून-उतरून घरी आला की भाकरी हातात धरून झोपायचा. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. तेवढ्यावर तो देशातल्या पहिल्या दहा-पंधरांत होता. मग एका व्यावसायिक संघानं त्याला करारावर घेतलं, कारखाना सुटला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच प्रियंकानं आपला नवरा पोटभर झोपलेला पाहिला. वर्षभरात तो माणूस बदलला. पाय भरले, चेहऱ्यावर पाणी आलं, बोलताना हसायला लागला. म्हणून या हिवाळ्यात साताऱ्याकडच्या घाटातल्या शर्यतीत परदेशी गड्यांच्या मागोमाग तो वर आला तेव्हा सगळे चकित झाले, पण प्रियंका झाली नाही. त्याचं सगळं रहस्य रोज दुपारी तिच्या घरात पंखा लावून घोरत होतं.

चकित झालेल्यांपैकी काही जण मात्र तिथंच थांबले नाहीत. त्याच घाटाला कुमार मागच्या वर्षीपेक्षा चार मिनिटं लवकर वर आला होता. पुण्यातल्या कुणा हिशेबी माणसानं शर्यतीच्या व्हिडिओवरून वेळ काढली, चढ किती, वारा किती, गड्याचं वजन किती हे धरलं आणि कुमारच्या पायांनी किलोमागे किती ताकद लावली याचा आकडा नेटवर टाकला. या धंद्यात माणसाची किंमत त्या आकड्यानं ठरते. कुमारनंच तिला एकदा जेवताना सांगितलं होतं, “एका आकड्यापर्यंत लोक शाबासकी देतात. त्याच्यापुढं गेलास की डोळे बारीक करून बघतात.” तेव्हा ते सांगताना तो खुशीत होता. आपणही आता बारीक डोळ्यांनी बघण्याच्या लायकीचे झालो, याची ती खुशी होती.

तेवढंच राहिलं असतं तर ते विरलंही असतं. पण मग अमृत आला.

अमृत सायकलवाल्यांचे व्हिडिओ करायचा. पोरगा गोड बोलायचा, प्रियंकाला वहिनी-वहिनी करायचा. शर्यतीनंतर त्यानं फोन केला, की मेंढपाळाचा मुलगा परदेशी गड्यांना घाम फोडतो, हे महाराष्ट्राला दाखवायचं आहे. प्रियंकानं दोन दिवस घर आवरलं. सोफ्याचे अभ्रे धुतले, भिंतीवरची तेलकट बोटं पुसली, फ्रिज रिकामा करून सोड्याच्या पाण्यानं घासला. घासून झाल्यावर सगळं परत लावलं. मोड आलेली मटकी समोर, दही समोर, खजूर समोर. भाजीच्या कप्प्यात मागं ढकललेली एक पांढरी पिशवी तिथं मावेना, म्हणून ती तिनं दारातल्या बाटल्यांच्या खणात ठेवली. तिच्या हातानं ठेवली. हे तिला पुढं कितीदा आठवलं.

पिशवीत मेंढरांची लस होती. कुमारचे वडील सिद्धनाथमामा सांगोल्याकडं गावी मेंढरं राखून आहेत. लस थंड राहिली नाही तर फुकट जाते, आणि गावात वीज कधी जाईल, किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. म्हणून मामा सोलापुरातल्या दुकानातून लस घेतात, लेकाच्या फ्रिजात ठेवतात आणि मेंढरं एका शिवारात बसलेली असली की बर्फात घालून घेऊन जातात. लग्न होऊन आल्यापासून प्रियंकाच्या फ्रिजात दुधाशेजारी मेंढरांची लस असायचीच. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माहेरीही तिनं हेच पाहिलं होतं. मामांना विसरायची सवय, म्हणून सुयांचं पाकीटही त्याच पिशवीत.

मुलाखत छान झाली. कुमार बोलला, उत्कर्षानं वजनकाट्यावर उभं राहून दाखवलं. मग अमृत स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “वहिनी, चॅम्पियन खातो काय ते तरी दाखवा लोकांना. उघडा की फ्रिज.” प्रियंकानं पदर सारखा केला आणि फ्रिजचं दार पूर्ण उघडलं, पाहुण्यांना देवघर दाखवावं तसं. मटकी दाखवली, दही दाखवलं. कॅमेरा दारावरून सरकला तेव्हा ती खजुराबद्दल बोलत होती.

अमृतला दिसलं नाही. कुमारला दिसलं नाही. ज्यांना घाटातली ती चार मिनिटं खुपत होती, त्यांना दिसलं. व्हिडिओ थांबवून, मोठा करून, लाल गोल काढून, हा ताकदीची औषधं टोचून घेतो म्हणत कुणीतरी तो फोटो फिरवला. पारदर्शक झालेल्या ओल्या पिशवीतून काचेच्या बाटल्या आणि सुया स्पष्ट दिसत होत्या. लेबल तेवढं वाचता येत नव्हतं. शेजारी मटकी, आणि एका कोपऱ्यात खजुराचा डबा धरलेला प्रियंकाचा हात, त्यातल्या हिरव्या बांगड्यांसकट.

संघाच्या मॅनेजरचा फोन दुसऱ्या दिवशी आला. कुमार हिंदीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की मेंढरांची आहे, वडिलांची आहे. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, की बाटलीत काय आहे हा पुढचा प्रश्न, आमच्या खेळात विनाकारण नुसती सुई घरात असणं हेसुद्धा लोकांना पुरतं. प्रकरण निवळेपर्यंत पुढच्या शर्यतीला येऊ नकोस. करार या मोसमापुरता होता, तो वाढवायचा की नाही हे मालकमंडळी त्याच शर्यतीनंतर ठरवणार होती. हे मॅनेजरनं सांगितलं नाही, ते दोघांनाही माहीत होतं.

चूक आपली, तर निस्तरायचीही आपणच, असं प्रियंकानं मनाशी धरलं. तिनं अमृतला फोन केला. त्या पोरानं बिचाऱ्यानं दहा वेळा माफी मागितली आणि फ्रिजचा तेवढा भाग कापून टाकला. संध्याकाळपर्यंत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून फिरायला लागले. लपवण्यासारखं काही नव्हतं तर कापलं कशाला, असं खाली लिहिलेलं.

मग तिनं दुसरा उपाय केला. रविवारी उत्कर्षाला घेऊन सांगोल्याची एसटी धरली, तिथून गावी गेली. मामा मेंढरांना लस देत होते. एकाला पायात धरायचं, कातडी चिमटीत उचलायची, सुई घालायची, सोडून द्यायचं, दुसरं धरायचं. सासूबाई मायाक्का पुढं राहून मेंढरं एकेक करून हाकून देत होत्या. प्रियंकानं हे सगळं मोबाईलवर घेतलं. बाटली जवळून दाखवली, लेबल वाचून दाखवलं. मामांना काहीतरी बोला म्हटलं, तर ते कॅमेऱ्याकडं न बघता, “काय बोलायचं? आमची मेंढरं हायती, आमची लस हाय,” एवढं म्हणून पुढचं मेंढरू धरायला वळले. तिला वाटलं, याहून खरं काय असतं. हे बघून तरी कळेल कुणाला.

कुमारला न विचारता तिनं ते नेटवर टाकलं. पाहिलं खूप जणांनी. आधीच्या व्हिडिओपेक्षा जास्त. आता हे मेंढरू घाटात सोडा, असं एकानं लिहिलं होतं. दुसऱ्यानं विचारलं होतं, या मेंढराचे किलोमागे किती. कुणी कुमारच्या जर्सीत मेंढराचं तोंड बसवलं होतं. आणि एकानं शांतपणे, शुद्ध भाषेत लिहिलं होतं, की घरात मेंढ्या असणं ही यापेक्षा चांगली सोय कुठली, सुई कुणासाठी हे विचारायला मेंढी थोडीच येणार आहे.

कुमारनं ते सगळं वाचलं. मोबाईल पालथा ठेवला.

“आता तू काही करू नकोस,” तो म्हणाला. आवाज चढवून नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

गल्लीत मात्र कुणी वाकडं बोललं नाही, हे सांगायला हवं. उलट माणसं जास्तच आपुलकीनं वागायला लागली. शाळेच्या फाटकाशी एरवी न बोलणारी एक आई स्वतः येऊन म्हणाली, की जळतात हो लोकं, आपला मराठी माणूस पुढं गेलेला बघवत नाही. प्रियंका मान डोलवायची. तिला वाटायचं, निदान इथं तरी आपण उजेडात आहोत.

एका दुपारी सोनाबाई जिना चढून वर आल्या. हातात शेंगाचटणीची वाटी होती. दोन वर्षांत या बाईनं प्रियंकाला उत्कर्षाच्या तापात रात्र-रात्र साथ दिली होती, म्हणून प्रियंका त्यांना मावशी म्हणायची. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, चटणीत लसूण जरा जास्त पडल्याचं सांगितलं. मग पोराची गोष्ट काढली. पृथ्वीराज पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज मैदानावर पळायचा, पण सोळाशे मीटरला दम तुटायचा. गेल्या भरतीत थोडक्यात राहिला होता.

“तर मी काय म्हंते,” सोनाबाई जवळ सरकल्या. “मी कुणाला बोलणार न्हाय. तुमच्या मालकांनी काय घेतलं, त्याचं नाव तेवढं सांग की.”

प्रियंकाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचे कान तापले.

“मावशी, त्यांनी काही घेतलेलं नाही. ती मेंढरांची लस होती.”

“व्हय की. मी कुटं न्हाय म्हंते?” सोनाबाईंनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. “अगं, त्यानं काय चोरी केली का दरोडा घातला? लेकरासाठी, घरासाठीच केलं की. माझ्या पोराला लागल ती मदत कर, एवढंच म्हंते मी.”

त्यांच्या डोळ्यांत नावालाही टोमणा नव्हता. माया होती. प्रियंकानं आणखी दोनदा सांगितलं, गळ्याची शपथ घेतली. सोनाबाईंनी समजूतदारपणे मान हलवली, उठताना, “सवडीनं सांग, घाई न्हाय,” म्हणाल्या आणि वाटी नंतर पाठव म्हणून गेल्या.

प्रियंकानं चटणी डब्यात काढली आणि वाटी घासायला घेतली. नेटवरच्या लोकांनी काय वाटेल ते म्हणावं, ते कुमारला ओळखत नव्हते. पण ही बाई त्याला रोज जिन्यात बघते, सायकल खांद्यावर घेऊन उतरताना बघते, त्याच्या ताटात वाढते. हिला त्याच्याबद्दल शंका नव्हतीच मुळी. हिला खात्री होती. आणि खात्री असूनही तिची माया तसूभर कमी झाली नव्हती. गल्लीतल्या इतरांचीही आपुलकी याच जातीची असेल का? फाटकाशी बोलणाऱ्या त्या आईची?

संध्याकाळी कचऱ्याचा डबा घंटागाडीत रिकामा करताना तिनं आत बघितलं. का बघितलं, हे तिचं तिला कळलं नाही. भाजीची देठं होती, चहाचा चोथा होता.

पुढच्या आठवड्यात मामा आले. नव्या खेपेची लस दुकानातून घेतलेली होती, थर्मासात बर्फ होता, पण त्यांनी थर्मास फ्रिजकडं नेलाच नाही. दारातच पायताणं काढून उभे राहिले. प्रियंकानं बसायला सांगितलं तर म्हणाले, “न्हाय, बसत न्हाय. बर्फ इरघळंल.” त्यांनी सांगोल्यात स्टँडजवळच्या बसलिंगप्पाच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजात जागा करून घेतली होती. तो तोंडदेखलं कुरकुरला होता, पण ठेवू देतो म्हणाला होता. हितं नको आता, एवढंच मामा बोलले.

“मामा, ठेवा हो. आता काय व्हायचं राहिलंय?”

“मला त्यातलं कळत न्हाय, पोरी. पर मेंढराचं औषध मानूस कशाला घील? हे त्या शिकल्या-सवरल्या लोकांना कुनी सांगत न्हाय का?” ते खरोखरच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एका बाजूला नवल होतं आणि दुसऱ्या बाजूला अपराध, जणू ती पिशवी त्यांनी जाणूनबुजून ठेवली. पण शंकेचा एक कणही नव्हता. प्रियंकाला त्यांचा हेवा वाटला. ते मोबाईल फक्त हिरवं बटण दाबून बोलायला वापरायचे.

पोराला न भेटताच ते गेले. कुमार घाटाला गेला होता.

उत्तेजकांच्या तपासणीची माणसं आली ती एका सकाळी, उत्कर्षा शाळेचे मोजे शोधत असताना. कुमारसारख्यांना रोजचा एक तास लिहून कळवावा लागतो, या तासात मी या पत्त्यावर असेन म्हणून, आणि त्या तासात ते कधीही दार वाजवू शकतात. पूर्वीही ते वर्षातून एखाद्या वेळी यायचे. एक बाई, एक पुरुष, गळ्यात ओळखपत्रं. प्रियंकानं चहा टाकला. त्यांनी नको म्हटलं. पोहे विचारले. नको. पाणी? त्यांनी पिशवीतली स्वतःची बाटली दाखवली. दारात आलेलं माणूस कोरड्या तोंडानं बसून राहिलं आणि ती कपात ओतलेल्या चहाकडं बघत राहिली.

कुमारला लघवी होईना. तो पुरुष त्याच्या मागोमाग बाथरूममध्ये जायचा, दार उघडं ठेवायचा, पुन्हा दोघे बाहेर येऊन खुर्चीवर बसायचे. कुमार पाणी प्यायचा, खाली बघायचा. उत्कर्षा एक मोजा घालून, एक हातात धरून सगळं बघत होती. प्रियंकानं तिला आत ओढलं. मग त्या बाईनं रक्त घेतलं. डाव्या हाताची शीर सापडेना म्हणून उजव्या हातालाही टोचलं. सगळं सीलबंद करून, सह्या घेऊन ते गेले.

“लघवी दिली, रक्त दिलं,” कुमार दाराला कडी घालत म्हणाला. “आता अजून काय देऊ?”

तो अहवाल स्वच्छ आला. त्यानंतर ते वरचेवर यायला लागले, आणि तेही अहवाल स्वच्छच आले. प्रत्येक वेळी प्रियंकाला वाटायचं, की आता हे कुठंतरी मोठ्या अक्षरांत छापून येईल. पण काही सापडलं नाही ही बातमी कुणी छापत नाही. नेटवर एकानं लिहिलं, हुशार असतात, सापडत नाहीत. बास. एवढ्या एका वाक्यापुढं ते सगळे सीलबंद डबे पालथे पडले.

कुमार घाटाला जात राहिला. त्याची सायकल किती वेळात कुठला चढ चढली हे सगळ्यांना नेटवर दिसायचं, आणि ते बंद केलं तर लपवलं म्हणतील म्हणून तो बंदही करत नव्हता. एका सकाळी मन नव्हतं, तो हळू चढला. दुपारपर्यंत कुणीतरी लिहिलं, औषध संपलं वाटतं. दोन दिवसांनी तो चिडून दात-ओठ खात चढला. त्यावर त्याच माणसानं लिहिलं, माल आला. कुमारनं हे प्रियंकाला वाचून दाखवलं आणि हसला. कित्येक दिवसांनी हसला होता, पण ते हसू बघवत नव्हतं.

“आता सांग, कसं चढू?” तो म्हणाला.

ज्या शर्यतीनंतर करार ठरणार होता, ती त्याच्याशिवाय झाली. मॅनेजरचा फोन आला तेव्हा कुमारनं स्पीकर लावला, बहुतेक तिनंही ऐकावं म्हणून. अहवाल स्वच्छ आहेत, आमच्या मनात काही नाही, असं मॅनेजर दोनदा म्हणाला. पण मालकांना वाटतं, की तू जिंकलास तरी तो फोटो फिरणार आणि हरलास तरी फिरणार, आणि तेव्हा जर्सीवर त्यांचं नाव असणार. करार वाढवत नाही आहोत. एक वर्ष जाऊ दे, लोक विसरतात. कुमारनं, “येस सर, थँक यू सर,” म्हटलं. थँक यू कशाबद्दल, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

उत्कर्षा खाली सोनाबाईंकडं खेळायला गेली होती, तिचा आवाज जिन्यातून येत होता. प्रियंकाला म्हणायचं होतं, की फ्रिज मी उघडला, पिशवी मी दारात ठेवली. ते ती अनेकदा म्हणाली होती, आणि दर वेळी त्यानं तुझी काय चूक म्हणून तिचं तोंड बंद केलं होतं.

“तू विचारलं नाहीस,” कुमार अचानक म्हणाला.

“काय?”

“तेच. मॅनेजरनं विचारलं. अमृतनं विचारलं, कारखान्यातल्या माझ्या जुन्या पोरांनी विचारलं, अगदी हळूच बाजूला घेऊन. तू एकदाही विचारलं नाहीस.”

“त्यात विचारायचं काय?”

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला बरं वाटलं की नाही हे तिला कळेना. त्याला बरं वाटावं म्हणूनच ती बोलली होती, आणि बोलताना ते खरंही होतं. पण ते तोंडातून निघताक्षणी तिला उमगलं, की आता आपल्याला कधीच विचारता येणार नाही. सगळ्या जगानं विचारलं आणि बायकोनं विचारलं नाही, एवढी एकच गोष्ट या माणसाजवळ उरली होती. ती त्याच्याकडून काढून घ्यायची तर उरलं काय असतं?

आणि ज्याचं उत्तर मागता येत नाही, तो प्रश्न घरात राहायला आला. तो कपडे धुताना यायचा. कुमारच्या खिशातून हात फिरवताना यायचा, आणि खिसे तर ती लग्नापासून तपासत होती, सुटे पैसे आणि चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून. आता तोच हात खिशात जरा जास्त वेळ राहायचा. मागच्या उन्हाळ्यात तो संघाबरोबर डोंगरात महिनाभर सरावाला राहिला होता. तिथं कोण होतं, काय जेवायचे, हे त्यानं तेव्हा भरभरून सांगितलं होतं. ते सांगणं तिनं मनात पुन्हा पुन्हा ऐकलं, कुठं काही गाळलंय का बघत. त्याच्यावर तिचा विश्वास होता. कुणी मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं. पण विश्वास असलेलं माणूस असं ऐकत नाही, हेही तिला कळत होतं.

शनिवारी शाळा लवकर सुटायची. उत्कर्षा जेवून चित्रं काढत बसली होती. कुमार घाट करून आलेला, आंघोळ करून आतल्या खोलीत चटईवर आडवा झाला तसा गाढ झोपला, तोंड किंचित उघडं, एक हात डोक्यावर आणि एक चटईबाहेर फेकलेला. प्रियंका वाळलेले कपडे घेऊन आत आली. घड्या घालण्यासाठी त्याच्याशेजारी बसली. खिडकीतून ऊन थेट त्याच्या हातावर पडलं होतं. कोपराच्या आतल्या बाजूची पातळ कातडी, निळी शीर, सगळं स्वच्छ दिसत होतं.

तिनं हातातला फ्रॉक खाली ठेवला. आधी ती नुसती बघत होती. मग तिनं दोन बोटांनी त्याचा हात अलगद थोडा उजेडाकडं वळवला. झोपेत तो सैल होता, लेकराच्या हातासारखा, वळवाल तसा वळत होता. शिरेवर एक बारीक तांबूस ठिपका होता, भोवती पिवळसर डाग. तपासणीची बाई परवाच येऊन गेली होती. तिचीच सुई असेल. डावीकडं सापडली नाही म्हणून उजवीकडं टोचली होती, ते मागच्या वेळी, की परवा? तिला आठवेना. ती वाकून दुसरा हात बघायला गेली, तो डोक्यावर दुमडलेला होता. तिनं मनगट धरून तो हळूच सोडवला. तिथंही एक ठिपका होता. त्याच्यावर अंगठा फिरवला. तो डास चावलेलाही असू शकत होता. कुठला ठिपका कुणाचा हे कातडीवर लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं असतं तर आपण ते वाचलं असतं.

कुमारनं कूस बदलली. तिनं हात मागं घेतला.

दारात उत्कर्षा उभी होती. हातात खडू होता, कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. ती आली, आईला चिकटून बसली, बापाच्या उघड्या हाताकडं नीट निरखून बघितलं, उलटसुलट, आई बघत होती तसंच. मग तो जागा होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

“आई, तू पप्पांच्या हातावर काय शोधत होतीस?”